एका गुहेतले पंधरा विषाणू

चीनच्या युन्नान प्रांतात, कुनमिंग शहराजवळच्या जिननिंग भागात एक गुहा आहे. जवळचं गाव तिथून जेमतेम एक किलोमीटरवर. २०११ ते २०१५ अशी पाच वर्षं वुहानच्या विषाणुशास्त्र संस्थेतले संशोधक या गुहेत पुन्हा पुन्हा गेले. या कामाची पद्धत तशी साधी असते. संध्याकाळी वटवाघळांच्या मुक्कामाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि सकाळी त्यावर पडलेल्या ताज्या लेंड्या चिमट्याने उचलून नळीत भरायच्या. काही वटवाघळं जाळ्यात धरून त्यांच्या गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा आणि ती सोडून द्यायची. असे ६०२ नमुने जमले. त्यातल्या ६४ नमुन्यांत सार्सच्या कुळातले विषाणू निघाले. आधी वाचलेले चार आणि नव्याने वाचलेले अकरा मिळून, एका गुहेतून पंधरा वेगवेगळ्या विषाणूंचे पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांचा अख्खा जनुकीय मजकूर, हाती आले.

सार्स हा श्वसनाचा आजार नोव्हेंबर २००२ मध्ये ग्वांगदोंग प्रांतात सुरू झाला होता, म्हणजे या गुहेपासून हजारेक किलोमीटर दूर. आठ हजारांवर लोक आजारी पडले, ७७४ दगावले. २००३ साली शेनझेनच्या प्राणीबाजारातल्या उदमांजरांत तो विषाणू सापडला. उदमांजर हे मधलं ठाणं होतं. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांच्या कामापासून स्वतंत्रपणे, त्याचे नातेवाईक वटवाघळांत दाखवून दिले.

जिननिंगच्या गुहेत २००३ चा तो सार्स विषाणू जसाच्या तसा कुठल्याच वटवाघळात मिळाला नाही. पण त्याचा प्रत्येक महत्त्वाचा भाग त्या गुहेत होता. स्पाइकचा, म्हणजे पेशीला पकडणाऱ्या काट्यासारख्या प्रथिनाचा, तुकडा एका विषाणूत, ‘ओआरएफ-८’ नावाचा भाग दुसऱ्यात, आणखी एक भाग तिसऱ्यात. वाड्यातली सगळी भांडी वेगवेगळ्या खोल्यांत सापडावीत, पण मांडलेली पंगत कुठेच दिसू नये, तसं.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या एका सवयीच्या प्रश्नाला मुळापासून हात घालतो. कोविडच्या दिवसांत घरोघरी विचारलं जायचं, माझ्याही घरात, की हा विषाणू नेमका कुठल्या वटवाघळातून आला? जणू एखादं वटवाघूळ एखादा तयार विषाणू बाळगून बसलं होतं. प्रत्यक्षात रानातल्या वटवाघळांत विषाणूंची अख्खी वस्ती नांदते. त्या वस्तीत मजकुराची देवाणघेवाण सतत चालू असते, आणि आज सापडलेला विषाणू काही वर्षांनी त्याच गुहेत त्याच रूपात मिळेलच असं नाही.

हे कसं घडतं ते समजायला हाताने उतरवलेल्या पोथ्या आठवाव्यात.

कोरोनाविषाणूचा जीनोम म्हणजे आरएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला एक सलग मजकूर. कोविडच्या विषाणूचा हा मजकूर २९,९०३ अक्षरांचा आहे. पुस्तकाच्या पानांवर छापला तर वीसेक पानं भरतील. आरएनए विषाणूंमध्ये ही पोथी चांगली जाड म्हणायची. फ्लूच्या विषाणूची साधारण साडेतेरा हजार अक्षरांत संपते, एचआयव्हीची दहा हजारांच्याही आत. विषाणू पेशीत शिरला की पेशीला एकच काम लावतो, या पोथीच्या नकला उतरव.

नकला उतरवताना काय होतं हे आपल्या जुन्या लेखनिकांना विचारावं. डोळ्यावर झापड आली की काना सुटतो, मात्रा पडते. पुढचा नकलाकार ती चूक खरी मानून तशीच उतरवतो, आणि पाठभेद तयार होतो. पोथ्यांचे अभ्यासक या पाठभेदांवरूनच सांगतात, की अमुक प्रत तमुक प्रतीवरून उतरली. विषाणूंची वंशावळ अगदी याच रीतीने मांडतात. कुठली चूक कोणाकोणात सामाईक आहे ते पाहायचं आणि घराणी ओळखायची. बहुतेक आरएनए विषाणू या नकलेत धसमुसळे असतात. कोरोनाविषाणूजवळ मात्र एक तपासनीस आहे. एनएसपी-१४ नावाचं त्याचं प्रथिन चुकीचं बसलेलं अक्षर खुडून काढतं. एवढी लांब पोथी त्याला पेलते ती या तपासनिसामुळेच.

मग एवढी विविधता येते कुठून? चुका तर होतातच, पण मोठा वाटा दुसऱ्या वाटेने येतो. समजा, लेखनिकासमोर एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या उघड्या आहेत, वेगवेगळ्या घराण्यांतल्या. दहा पानं तो एकीतून उतरवतो, मग नजर सरकते आणि पुढची पानं दुसरीतून. जिथे नजर सरकली तिथला मजकूर दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे वाक्य तुटत नाही, वाचणाऱ्याला शिवण दिसत नाही. पण तयार झालेली प्रत दोन्ही घराण्यांची असते. जीवशास्त्रात याला पुनर्संयोजन म्हणतात. कोरोनाविषाणूंची नकल करणारी यंत्रणा या कामात अतिशय सराईत आहे, आणि स्पाइक प्रथिनाच्या आसपास तर अशा शिवणी वारंवार सापडतात. एका सुट्या चुकीने एक अक्षर बदलतं. पुनर्संयोजनाने एका फटक्यात पानंच्या पानं बदलतात.

याला एक अट आहे. दोन्ही विषाणू एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत एकाच वेळी हजर हवेत. एरवी ही अट अवघड, वटवाघळांच्या गुहेत मात्र सोपी. एकाच छताला हजारो जीव एकमेकांच्या पंखाला पंख लावून लटकलेले असतात, आणि बऱ्याचदा तीन-चार जातींची बिऱ्हाडं एकाच गुहेत असतात. युन्नानमधल्याच १४९ वटवाघळांची एकेक करून तपासणी केली तेव्हा एकाच जीवात एकाहून जास्त विषाणू असणं ही नेहमीची बाब निघाली. त्यातले बारा विषाणू तर वेगवेगळ्या जातींच्या वटवाघळांत सामाईक होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या वसाहतींवर तीन वर्षं नजर ठेवणाऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अनेक कोरोनाविषाणू वर्षाच्या ठरावीक काळात एकदमच उसळी घेतात, आणि एकाच वेळी दोन-तीन विषाणू अंगावर असणारी बहुतेक पिल्लं किंवा वयात न आलेली वटवाघळं असतात. आपल्याकडे जून-जुलैत बालवाडी सुरू झाली की घरोघरी शेंबडी नाकं दिसतात ना, तेच हे. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरलेलं, स्वतःचं अजून घडायचं, आणि दाटी तर तेवढीच.

बरं, एवढे विषाणू अंगावर घेऊन वटवाघूळ आजारी कसं पडत नाही? याची काही उत्तरं मिळाली आहेत. विषाणू दिसला की आपल्या शरीरात जो दाह पेटतो, त्याची धग वटवाघळात मंद ठेवलेली असते. ‘स्टिंग’ नावाचं धोक्याची घंटा वाजवणारं प्रथिन त्यांच्यात एका बदलामुळे कमी जोराने काम करतं. दुसरीकडे, काही जातींत इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन कायम थोडं थोडं तयार होतच असतं. कोविडमध्ये कित्येकांचा घात विषाणूइतकाच शरीराच्या स्वतःच्या भडक्याने केला, हे आठवलं की या व्यवस्थेचं महत्त्व कळतं. वटवाघूळ विषाणूला पूर्ण हाकलत नाही आणि डोक्यावरही बसू देत नाही. असा सहवास लाखो वर्षं चालला तर विषाणूंना फुटायला, पांगायला, पुन्हा मिसळायला वेळच वेळ मिळतो.

सार्सच्या कुळाचं घर प्रामुख्याने वटवाघळांच्या एकाच जातिसमूहात आहे, ऱ्हायनोलोफस. घोड्याच्या नालासारखी कातडीची पाळ नाकाभोवती असते, म्हणून या लेखापुरतं मी त्यांना नालनाकी म्हणते. त्यांच्या शंभराहून जास्त जाती आफ्रिका, युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियात पसरल्या आहेत. आपल्या सह्याद्रीतही आहेत. एका अभ्यासगटाबरोबर मी एकदा घाटमाथ्यावर रात्र काढली होती, तेव्हा हे वटवाघूळ पहिल्यांदा हातभर अंतरावरून पाहिलं. कापडी पिशवीसकट काट्यावर टांगलं तेव्हा वजन भरलं बारा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांची दोन नाणी. पंखाचा पडदा विजेरीसमोर धरला की त्यातली एकेक शीर दिसत होती. नाकाची ती पाळ सारखी थरथरत होती, कारण हा जीव तोंड मिटून नाकातून आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवर किडे टिपतो. हातमोजे आणि मास्क सगळ्यांनी घातले होते. आपल्याला त्यांचं काही लागू नये म्हणून, आणि आपलं त्यांना लागू नये म्हणूनही.

कोरोनाविषाणूंचा पसारा अर्थात सार्सच्या कुळापुरता नाही. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे चार मोठे गट आहेत. वटवाघळांत अल्फा आणि बीटा, पक्ष्यांत मुख्यतः गॅमा आणि डेल्टा. साधी सर्दी देणारे एनएल-६३ आणि २२९-ई हे दोन मानवी विषाणू अल्फा गटातले, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अनुक्रमे केनिया आणि घानामधल्या वटवाघळांत सापडले आहेत. म्हणजे आज ज्याला आपण ‘हवा बदलली की होते ती सर्दी’ म्हणतो, तीही कधीकाळी अशीच कुठून तरी आपल्यात आली असणार. २०१६ च्या अखेरीस ग्वांगदोंगमध्येच चार डुक्करपालन केंद्रांत जुलाबाची साथ आली आणि जवळपास पंचवीस हजार पिल्लं मेली. तिचा विषाणूही नालनाकी वटवाघळांतला होता, आणि त्या भागातल्या गुहेतल्या एका नमुन्याशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळला. माणसांना त्याची लागण झाली नाही. म्हणून ही साथ चर्चेत आली नाही, पण वटवाघळातून पाळीव जनावरात उडी कशी पडते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे येऊ. २०२० च्या सुरुवातीला बातमी आली, की आरएटीजी-१३ नावाचा वटवाघळातला विषाणू कोविडच्या विषाणूशी ९६.२ टक्के जुळतो. त्याचा नमुना २०१३ साली युन्नानमधल्याच मोजियांग इथल्या एका खाणीतून घेतलेला होता. शहाण्णव टक्के म्हटल्यावर वाटतं, सापडलाच की! पण हिशेब करून पाहा. तीस हजार अक्षरांतला ३.८ टक्के फरक म्हणजे अकराशेहून जास्त अक्षरं वेगळी. माणसांत पसरताना कोविडचा विषाणू सुरुवातीला महिन्याला दोनेक अक्षरांच्या चालीने बदलत होता, त्यावरून या अंतराची कल्पना यावी. २०२० मधल्याच एका सविस्तर विश्लेषणाने सांगितलं, की या दोन विषाणूंची घराणी साधारण चाळीस ते सत्तर वर्षांपूर्वी वेगळी झाली असावीत. एका आजोबांची नातवंडं, पण एक कोल्हापुरात वाढलेलं आणि दुसरं नागपुरात.

पुढे लाओसमधून आणखी जवळचा नातेवाईक मिळाला. तिथल्या डोंगराळ भागात ४६ जातींची ६४५ वटवाघळं तपासली गेली आणि २०२२ मध्ये बनाल-५२ हा विषाणू जाहीर झाला, ९६.८ टक्के साम्याचा. टक्केवारीपेक्षा मला त्याच्या स्पाइकची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्पाइकचा जो भाग आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला पकडतो, तिथे बनालच्या विषाणूंत आणि कोविडच्या विषाणूत फक्त एक-दोन घटकांचा फरक आहे. म्हणजे माणसाच्या पेशीला नीट पकडणारं हत्यार रानातल्या वटवाघळात आधीपासून घडलेलं होतं. कोविडच्या विषाणूच्या स्पाइकमधला ‘फ्युरिन’ या विकराने कापला जाणारा छोटा तुकडा मात्र बनालमध्ये नाही.

आणि इथेच एकूण टक्केवारी फसवते. युन्नानमधला आरएमवायएन-०२ हा विषाणू घ्या. पोथीच्या पहिल्या मोठ्या भागात तो कोविडच्या विषाणूशी ९७ टक्क्यांहून जास्त जुळतो, आरएटीजी-१३ पेक्षाही जवळचा. स्पाइकवर आलं की तो एकदम परका होतो, कारण ती पानं त्याने भलत्याच घराण्यातून उतरवली आहेत. मग याचं नातं ९७ टक्क्यांचं म्हणायचं की कमी? पुनर्संयोजन झालेल्या विषाणूला एकच पूर्वज नसतो, त्याच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा पूर्वज असतो. म्हणून आता जीनोमचे तुकडे पाडून प्रत्येकाची वंशावळ वेगळी काढतात. असं केल्यावर २०२५ मधल्या एका विश्लेषणात काही तुकड्यांचे वटवाघळांतले पूर्वज साथीच्या आधी दहा वर्षांच्या आतले निघाले, पश्चिम चीन आणि उत्तर लाओसच्या टापूतले. नालनाकी वटवाघूळ रात्री दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात चरतं. त्याच्या पंखांवरून एवढ्या थोड्या वर्षांत वुहानपर्यंतचं अंतर कापलं जाणं अवघड, म्हणून त्या संशोधकांचं बोट प्राण्यांच्या व्यापाराकडे जातं. वटवाघूळ आणि माणूस यांच्यामधला दुवा असलेला प्राणी मात्र अजून हाती लागलेला नाही.

कंबोडियातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे २०१० साली घेतलेले नमुने दहा वर्षं शीतकपाटात पडून होते. कोविडनंतर ते बाहेर काढले, तेव्हा त्यात ९२ टक्क्यांहून जास्त साम्य असलेले विषाणू निघाले. म्हणजे हे घराणं आग्नेय आशियात किती पसरलं आहे याचा पुरावा साथीच्या दशकभर आधीच नळीत बंद होता. आजही आपल्याला दिसते ती विविधता संशोधक जिथे पोहोचले तिथली. त्यातही पुष्कळ विषाणूंचा सगळा जीनोम वाचलेलाच नाही. तपासणीत बहुधा चारशेएक अक्षरांचा एकच ठरलेला तुकडा वाचतात, म्हणजे वीस पानांच्या पोथीतली आठ-दहा वाक्यं. आणि पुनर्संयोजन नेमकं उरलेल्या पानांत होत असतं!

एवढी वस्ती नांदते तर रोज नवी साथ का येत नाही? कारण बहुतेकांची पकड आपल्या पेशीवर बसत नाही. जिननिंगच्या त्या पंधरांतही काहींच्या स्पाइकमध्ये पकडीच्या जागचे तुकडेच गळालेले होते, त्यांना माणसाच्या एसीई-२ चा उपयोग नाही. काहींची पकड मात्र बसत होती. २०१५ मध्ये जिननिंगच्या गुहांच्या आसपासच्या गावांतल्या २१८ लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा सहा जणांत सार्ससारख्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं मिळाली. सहांपैकी कोणी सार्सचा रुग्ण नव्हता, कोणाला मोठं आजारपण आठवत नव्हतं. विषाणू आला, पुढे सरकला नाही आणि विझला. अशा विझलेल्या ठिणग्या किती पडत असतील याची कल्पना या सहा नावांवरून येते.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये टेरोपस आणि रुसेटस या फळं खाणाऱ्या वटवाघळांत कोरोनाविषाणू सापडल्याचं जाहीर केलं. नमुने केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातले होते. हे विषाणू कोविडचे नव्हेत आणि ते माणसाला आजारी पाडतात असा कसलाही पुरावा त्यात नव्हता, तरीही मथळे वाचून पुष्कळांची झोप उडाली. त्याच संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्या होत्या. निपाह हे वेगळंच कूळ, पण गुहेत शिरताना पाळायची शिस्त तीच. कोरड्या विष्ठेची धूळ उडवू नये, लटकलेल्या वटवाघळांना विजेरीने किंवा फटाक्याने उठवू नये, उघड्या हाताने त्यांना कधी उचलू नये, आणि त्यांनी उष्टं केलेलं फळ खाऊ नये.

अशा बातम्यांनंतर गावात कोणी तरी हमखास म्हणतं, जाळून टाका ती वाघळं. युगांडात हे करून झालं आहे. तिथल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेण्या विषाणूची लागण झाली, आणि त्यानंतर खाणीतली हजारो वटवाघळं मारली गेली. काही वर्षांत खाण पुन्हा भरली. २०१२ मध्ये तिथून वीसेक किलोमीटरवरच्या इबांडा गावात मारबर्गची साथ आली, आणि खाणीत नव्याने आलेल्या वटवाघळांत लागणीचं प्रमाण आधीपेक्षा बरंच जास्त भरलं. याची संभाव्य कारणं आपण वर पाहिलीच आहेत. जुनी, विषाणू पचवून बसलेली वटवाघळं गेली, रिकाम्या जागेत ठिकठिकाणची आली, त्यांच्या अंगावर आपापल्या वसाहतीतले पाठभेद असणार, आणि नव्या पिल्लांना यातल्या कशाचीच ओळख नसणार.